रोव्हरचे वेगळेपण इंजिनात नाही, सांगाड्यात आहे

ट्रायम्फ २००० चे सहा सिलिंडरचे इंजिन रोव्हर २००० च्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सौम्य चालते, म्हणून १९६३ मध्ये आलेल्या या दोन ब्रिटिश गाड्यांत ट्रायम्फ सरस, हा मुद्दा इंजिनापुरता मला मान्य आहे; पण तुलना तिथेच थांबवणे रोव्हरवर अन्यायकारक होईल. पुढे गॅस टर्बाइन (तप्त वायूच्या झोताने पाती फिरवणारे इंजिन) बसवता यावे, या विचाराने रोव्हरच्या अभियंत्यांनी पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा उभ्या न ठेवता आडव्या ठेवल्या आणि त्यांचा भार इंजिनामागच्या भिंतीवर घेतला, त्यामुळे इंजिनासाठी भरपूर रुंद जागा मिळाली. टर्बाइनची गाडी विक्रीला कधीच आली नाही, परंतु १९६८ मध्ये साडेतीन लिटरचे व्ही-८ (‘व्ही’ आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे) इंजिन याच गाडीत बसले. मला तरी ही दूरदृष्टी फार मोलाची वाटते.

जुनी रोव्हर घेऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी. तिचे बाहेरचे पत्रे बोल्टने जोडलेले असून सगळा भार आतला सांगाडा पेलतो, त्यामुळे चकचकीत रंगाखाली सांगाडा गंजलेला असू शकतो. मागच्या आसनाची बैठक उचलून आतला पत्रा तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.