शब्दचर्चा: ‘हीटिंग’ला मराठीत काय म्हणाल?

राजवाडा_कॉर्नर:
मंडळी, जरा मदत हवीये. भाच्याचं इथे इंदूरात पोलोग्राउंडला छोटं युनिट आहे, गॅस डिटेक्टरची पॅनलं बनवतात, आता चंद्रपूरकडच्या अंडरग्राउंड कोळसा खाणीसाठी सूचना मराठीत द्यायच्यात आणि त्याच्या ओळखीत मराठी लिहिणारा मीच, त्यामुळे माझ्या गळ्यात. गाडी ‘हीटिंग’पाशी अडलीये. कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून आपोआप तापत जातो, आग नाही, धूर नाही, पण सोडून दिलं तर पेटणार, ती अवस्था. कोशातलं ‘तापन’ अगदीच निर्जीव वाटतं. ‘धुमसणे’ चालेल?

माळवा_मराठी:
चालेल काय, धावेल! झारखंडातल्या झरियाच्या कोळसा खाणींची आग १९१६ पासून धुमसतेय असंच म्हणतो ना आपण.

पाथाखेडा_रिटायर्ड:
भिया, झरियाला ठीक, पॅनलवर नको. धुमसणे म्हटलं की धूर आला, आणि धूर दिसेपर्यंत थांबलात तर ते यंत्र काय कामाचं. कोळसा काढून झाल्यावर मागे जी पोकळी सोडतात तिला गोफ म्हणतात, तिथे माणूस जात नाही पण चुरा कोळसा पडलेला असतो आणि हवा झिरपत राहते, म्हणजे कोळसा तापायला पुरेल इतकी आणि गरमी वाहून न्यायला न पुरेल इतकी. आधी कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ वाढतो, मग भिंतींना घाम फुटतो, मग तो पेट्रोलसारखा वास, धूर त्याच्याही नंतर. आणि नुसता सीओचा आकडा बघून चालत नाही, डिझेल गाडी गेली, ब्लास्टिंग झालं तरी तो चढतो, हवा जास्त सोडली की उतरतो. म्हणून किती ऑक्सिजन खर्ची पडला त्याच्या शेकडा किती सीओ निघाला ते काढतात, ग्रॅहम रेशो. साधारण ०.५ पर्यंत ठीक, १ च्या वर हीटिंग, ३ म्हणजे आग लागलीच समजा.

देवास_नाका:
मग ‘उबणे’ कसं वाटतं? सोयाबीन ओलं भरलं की पोतं आतून उबतं, हात घातला की चटका आणि वर तो उबट वास. गरमी आणि वास दोन्ही एकाच शब्दात.

पाथाखेडा_रिटायर्ड:
वा, शब्द झकास. पण अलार्म वाजल्यावर ‘कोळसा उबला’ वाचून कोणी पळणार नाही हो. सरळ ‘कोळसा आतून तापतोय’ लिहा, शेजारी ‘हीटिंग’ राहू द्या, खाणीत सगळे तेच बोलतात. आणि एक, ‘गॅस’ असं मोघम लेबल कुठेच नको. कोळसा खाणीत नुसतं गॅस म्हटलं की मिथेन. तो १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडायची, हवेत ५ ते १५ टक्के झाला की स्फोटाचं मिश्रण. सीओची मर्यादा तर ५० पीपीएम, म्हणजे ०.००५ टक्के. दोघांना एकच शब्द ठेवलात तर खालचा माणूस भलतंच करून बसेल.

राजवाडा_कॉर्नर:
काका, हे फार कामाचं सांगितलंत. मग ‘मिथेन वाढली’ आणि ‘सीओ वाढली’ अशी वेगळी लेबलं करतो.

देवास_नाका:
‘वाढला’ करा हो, ‘वाढली’ नको. आपण इंदूरवाले हिंदीच्या नादात गॅस संपली, गॅस लावली म्हणतो, चंद्रपूरवाले पॅनल बघून हसतील.