अनुभव धागा: स्टिअरिंग फिरवलं की पुढून येणारे आवाज

वळताना पुढून आवाज येतो आणि गॅरेजच्या दारात नेली की गाडी मुकी होते, हा छळ ज्यांनी सोसलाय त्यांनी इथे लिहा. नुसतं 'अमुक पार्ट बदला' नको. आवाज कसा होता, गाडी उभी होती की चालती, आणि शेवटी चोर कुठे सापडला, तेवढं सांगा. सुरुवात मी करतो.

माझी हॅचबॅक नऊ वर्षांची, ८२,००० किमी झालेली. सोसायटीच्या पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण कापलं (एका बाजूला शेवटपर्यंत फिरवलं) की 'टण्ण'! जुन्या गादीतली स्प्रिंग सुटते ना, तसा. रस्त्यावर चालताना मात्र अगदी गप्प. पहिल्या गॅरेजने पुढचे दोन्ही शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) बदलायला लावले. बदलले. आवाज जागच्या जागी.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीने एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मलाच आत बसवलं. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. स्वतः चाकाशी उकिडवे बसले आणि स्प्रिंगवर बाहेरून तळवा टेकवला (बोटं वेढ्यांच्या मधे घालायची नाहीत, हे दोनदा बजावलं). "फिरवा हळूहळू." मी फिरवलं, टण्ण झालं, आणि ते हसले. "या, आता तुम्ही हात ठेवा." स्प्रिंग आधी पीळ घेत होती आणि मग एकदम उडी मारत होती. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये स्टिअरिंगबरोबर शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही फिरतात. वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग त्यांना फिरू देतं. ते जाम झालं होतं. पहिल्या गॅरेजने नव्या शॉकअपवर जुनंच बेअरिंग परत चढवलं होतं! दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि मजुरी धरूनही शॉकअपच्या बिलाच्या पावपट खर्च आला नाही.

सावंतवाडीहून
आमचा आवाज उलट्या स्वभावाचा. उभ्या गाडीत काही नाही, पण स्टिअरिंग कापून गाडी पुढे घेतली की कट-कट-कट. ॲक्सिलेटर दाबला की जास्तच. शाळेच्या मोकळ्या मैदानात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गोल फिरवून पाहिली तेव्हा खात्री झाली. ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) चाकाकडच्या जॉइंटवरचा रबर बूट फाटून रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडालं होतं. त्याच फटीतून अख्खा पावसाळा चिखलपाणी आत गेलं. आवाजाआधी दिसलं असतं तर नुसता बूट आणि ग्रीस यावर भागलं असतं. आता जॉइंटच गेला.

नाशिकहून
हौसेने रुंद टायर टाकले. दोन क्लिपा निघालेलं मडगार्डचं लायनर पूर्ण वळणावर टायरला घासत होतं. महिनाभर मी सस्पेन्शनला शिव्या घातल्या. यापुढे काही विचारू नका.

कोल्हापूरहून, गॅरेजवाला
गिऱ्हाईक म्हणतं 'वळताना वाजते', पण निम्म्या वेळा वळणावरच्या खड्ड्यात वाजते. सरळ रस्त्यावर बारीक खड्ड्यांत खट-खट असेल तर मी आधी लिंक रॉड (सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी, म्हणजे वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याशी, जोडणारी छोटी दांडी) बघतो. दोन्ही बाजूंचे लिंक खालून सोडवतो, तारेने बाजूला बांधतो आणि सावकाश एक चक्कर मारतो. आवाज गेला तर तेच.

चाक उचलल्यावर, आणि नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड लावून, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा) नाहीतर चाकाचं बेअरिंग. ३ आणि ९ ला धरून लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारं टोक) किंवा रॅककडे (स्टिअरिंगच्या दातेरी पट्टीकडे) बघायचं. बॉल जॉइंटला 'पुढच्या महिन्यात बघू' करू नका. सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी जागेवर बसते.

आणखी एक, आमच्याच धंद्यातली चूक. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आर्म) बदलताना चाक लटकतं असतानाच त्याच्या रबरी बुशचे बोल्ट पक्के आवळतात. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. मग अलाइनमेंट.

लीड्सहून
धागाकर्त्यांसारखाच टण्ण, पण बेअरिंग ठणठणीत. इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा गंजून तुटला होता. तुटका भाग स्प्रिंगखालच्या बशीतच अडकलेला, त्यामुळे वरून काही कळेना. एमओटीच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली तेव्हा समजलं. तुटलेलं टोक टायरकडे वळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार नको वाटतो.

नागपूरहून
माझ्या जुन्या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. शेवटाला टेकवून धरलं की घोंऽऽ करते. पंप बदलायला निघालो होतो. मेकॅनिक म्हणाला, टेकवून धरूच नका, किंचित मागे घ्या. तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. ऑइलची पातळी बघितली, बरोबर होती. पैसे वाचले.

धागाकर्ता
सावंतवाडीकर, तुमचं वाचून रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो. डाव्या रिमच्या आत ग्रीसची बोटभर रेघ आहे. बूटला घडीपाशी चीर गेलीय, आवाज अजून नाही. शनिवारी सकाळी मिस्त्रींकडे नंबर लावलाय.