बाखचा बी मायनर मास: रिश्टर की रिफकिन?

खर्जप्रेमी: सध्या बाखच्या बी मायनर मासची (लॅटिन ख्रिस्ती प्रार्थनांवर रचलेल्या मोठ्या गायन-वादन कृतीची) रेकॉर्डिंग्ज शेजारीशेजारी लावून ऐकतोय. संचालक कार्ल रिश्टरनं १९६१ मध्ये म्युनिक बाख कॉयरकडून जे गाऊन घेतलं, त्याच्या आसपास नंतरचं कुणी फिरकत नाही असं माझं मत आहे. सुरुवातीची 'किरिये'ची ('प्रभो, दया कर') हाक चारच बारांची (स्वरलिपीतल्या चार छोट्या खंडांची), पण अख्खी गर्दी दया मागतेय असं वाटतं. त्यापुढे जॉशुआ रिफकिनचं १९८२चं: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा प्रत्येक आवाजाला एकच गायक! 'सांक्टुस'मध्ये ('पवित्र, पवित्र' या स्तोत्रात) स्वर्गातले देवदूत म्हणून सहा माणसं? इतिहासाचा प्रयोग म्हणून ठीक आहे, पण अंगावर काटा नाही येत. 'बाखच्या काळी असंच गायचे' म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा.

आडवातिडवा: घ्या पुरावा. बाखनं १७३३ मध्ये मासचे पहिले दोन भाग, 'किरिये' आणि 'ग्लोरिया', ड्रेस्डेनच्या दरबारी सॅक्सनीच्या शासकाला पाठवले, तेव्हा गायकांसाठी आवाजागणिक स्वरलिपीची एकेकच प्रत होती. बाख जिथे नोकरीला होता त्या लाइपझिगच्या कँटाटांचंही (चर्चसाठीच्या गायनरचनांचंही) बहुतेक तेच. पंधरा-वीस जण गाणार असते तर प्रती वाढल्या नसत्या?

खर्जप्रेमी: एका प्रतीत तिघं डोकावू शकतात की! आणि १७३० मध्ये लाइपझिगच्या नगरपरिषदेला लिहिलेल्या निवेदनात बाख स्वतः म्हणतो, कॉयरमध्ये किमान बारा, शक्यतो सोळा गायक हवेत. त्याचं काय करायचं?

आडवातिडवा: रिफकिनचं उत्तर असं की ती हजेरीपटावरची संख्या आहे. कुणी आजारी पडतं, कुणाला वाद्य वाजवावं लागतं. एका वेळी किती उभे राहिले हे त्यातून सिद्ध होत नाही.

वसईचा टेनर: प्रती मोजणं तुम्हा दोघांना लखलाभ. मी चर्चच्या कॉयरमध्ये गातो, म्हणून आतून बोलतो. या मिस्साची (मासची) खरी परीक्षा 'कॉन्फितेओर' ('मी कबूल करतो') या भागात होते. पाच आवाज, आधाराला फक्त कंटिन्यूओ (ऑर्गन वगैरेंची खर्जातली साथ). मध्येच बास आणि आल्टो जुनी ग्रेगोरियन धून एकमेकांमागून धरतात, मग टेनर तीच धून लांबवून गातो. मोठ्या समूहात ती धून कापसात दडपली जाते. रिफकिनकडे प्रत्येक धागा वेगळा ऐकू येतो. पुढे लय अचानक मंदावते, स्वरसंगती अशा घसरतात की आपण कुठल्या पट्टीत आहोत तेच कळत नाही, आणि तेवढ्यात 'एत एक्स्पेक्तो' ('मृतांच्या उठण्याची मी वाट पाहतो') तुताऱ्या-नगाऱ्यांसह उसळतं. मेलेले उठणार आहेत ना, मग आधी थोडी भीती नको? एकेकटा गळा तिथे चाचपडताना ऐकला की ती जाणवते. शंभर जण एकत्र चाचपडत नाहीत.

खर्जप्रेमी: 'कॉन्फितेओर'पुरतं ऐकून घेतो. पण मग तुमच्या त्या 'उसळण्या'ला पाच गळे पुरतात?

वसईचा टेनर: पुरतात. जुन्या घडणीच्या तुताऱ्या आजच्यासारख्या गायकांवर कुरघोडी करत नाहीत.

मधली_वाट: संचालक जॉन एलियट गार्डिनरचं १९८५चं रेकॉर्डिंग कुणीच कसं काढलं नाही? मॉन्टेव्हर्डी कॉयर छोटं, बरेचसे सोलो त्यातल्याच गायकांना दिलेले. 'ग्लोरिया'च्या शेवटचं 'कुम सांक्तो स्पिरितु' तर चक्क नाचतं. शिवाय 'अस्सल' कशाला म्हणायचं? 'सांक्टुस' १७२४चं, 'क्रुसिफिक्सुस' (येशूला क्रुसावर चढवल्याचा भाग) १७१४च्या कँटाटावरून बेतलेलं, आणि सगळं एकत्र जुळवलं आयुष्याच्या शेवटच्या दोनेक वर्षांत. बाखच्या हयातीत अख्खा मास सादर झाल्याची नोंदच नाही. मग कुठल्या मैफिलीची हुबेहूब नक्कल करायची?

खर्जप्रेमी: माझाही मुद्दा तोच. नक्कल करायची नसेल तर संचालक क्लेम्पररच्या १९६७च्या रेकॉर्डिंगमधलं गायिका जॅनेट बेकरचं 'आग्नुस देई' ('देवाच्या कोकरा') ऐका. संथ आहे, हो. पण त्या बाईंनी एकेक स्वर असा धरलाय की घाई कुणाला आहे?

आडवातिडवा: क्लेम्परर संथ नाही, थांबलेला आहे.

कुजकट: रिफकिनभक्तांनो, एक शंका. लाइपझिगच्या चर्चमध्ये सोप्रानो मुलगे गात. संचालक हार्नोनकूर्टनं १९६८च्या रेकॉर्डिंगमध्ये निदान व्हिएन्नाची मुलं तरी घेतली. रिफकिनकडे बायका आहेत. माणसं मोजताना इतके काटेकोर, मग इथे सूट कशी?

आडवातिडवा: 'किरिये'-'ग्लोरिया' ड्रेस्डेनला पाठवले होते, लाइपझिग कुठे आलं? आणि ड्रेस्डेनच्या दरबारात कास्त्राती (उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेले पुरुष गायक) गायचे. ते पुरवता का?