संशयावरून युद्धदंड: लढाईचा भुर्दंड शत्रूच्या पाठीराख्यांवर टाकावा का?

गोदाकाठ, नांदेड
अमेरिकेच्या यादवी युद्धात, जून 1862 मध्ये, मिसूरी राज्यात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यातील जनरल स्कोफील्डने हुकूम काढला की गनिमी टोळ्यांनी एखादा सैनिक किंवा संघराज्याशी निष्ठावान नागरिक मारल्यास त्या परिसरातील दक्षिणेच्या बाजूच्या बंडखोरांकडून व त्यांच्या पाठीराख्यांकडून 5,000 डॉलर वसूल करावेत. ऑगस्टमध्ये सेंट लुईस परगण्यातील अशा पाठीराख्यांवर 5 लाख डॉलरची आकारणी बसली. मला हा उपाय सरसकट अन्यायाचा वाटत नाही. टोळी रानात राहिली तरी तिला भाकरी, घोडा आणि बातमी गावातूनच मिळते. शिवाय घरे जाळणे किंवा माणसे गोळ्या घालून मारणे यांच्या तुलनेत पैशाचा दंड निदान परत तरी करता येतो. डिसेंबर 1861 ची 10,000 डॉलरची पहिली आकारणी तर लढाईमुळे परागंदा झालेल्या निर्वासितांसाठीच होती.

मांजरा, लातूर
दंड परत करता येतो, हे कागदावर. त्या पहिल्याच आकारणीच्या वसुलीविरुद्ध एक व्यापारी न्यायालयात गेला, तर लष्कराने त्यालाच हद्दपार केले. मूळ प्रश्न दंड कुणाकडून घ्यायचा त्या यादीचा आहे. ती करायला बसतात गावातलीच माणसे, आणि बांधाचे भांडण, थकलेले कर्ज, जुनी सोयरीक मोडल्याचा राग यांतले काय कुणाच्या नावापुढे ‘पाठीराखा’ म्हणून उतरते, हे तपासायला कुणी नसते. निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प 1947-48 मध्ये सरहद्दीवर होते, त्यांना रात्री भाकरी पोचवणाऱ्या गावांना आपण आज मान देतो. आपला तर्क घेतला, तर त्या गावांवर बसवलेला दंडही रास्तच ठरेल.

बालाघाट, बीड
दोघेही दोन गोष्टी एकत्र करीत आहात. ठरावीक माणसावर ठरावीक कृत्याबद्दल दंड ही एक गोष्ट, आणि परिसरावर सामुदायिक दंड ही दुसरी. ब्रिटिशांनी 1942 च्या आंदोलनात दुसरा मार्ग धरला, सुमारे 90 लाख रुपयांचे दंड लादले आणि सूट कुणाला द्यायची हेही अनेक ठिकाणी समाज पाहून ठरवले. काहींच्या कृत्यांसाठी साऱ्या लोकवस्तीला दंड करू नये, असे 1907 च्या हेग नियमांत कलम 50 मध्ये आले. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने सामूहिक शिक्षाच निषिद्ध केली.

गोदाकाठ, नांदेड
ही विभागणी मान्य आहे, आणि म्हणूनच मी मिसूरीतल्या जामीनकीकडे लक्ष वेधतो: संशयिताने निष्ठेची शपथ घ्यावी, रकमेचा जामीन द्यावा, आणि शपथ मोडली तरच तो जप्त व्हावा. यात शेजाऱ्याच्या कृत्याचा भार पडत नाही. सरहद्दीच्या गावांबद्दल म्हणाल, तर त्यांचा पक्ष न्याय्य होता म्हणून आपण त्यांना मानतो. लढणाऱ्या प्रत्येक राजवटीला मात्र आपलाच पक्ष न्याय्य वाटतो, त्यामुळे नियम पक्ष पाहून करता येत नाही.

मांजरा, लातूर
नियम पक्ष पाहून करता येत नाही, हेच तर माझे म्हणणे आहे. शपथ मोडली हे ठरवणार कोण, तर जामीन घेणारे लष्करच. सेंट लुईसची वसुली डिसेंबर 1862 मध्ये थांबवावी लागली, तीही न्यायालयाने नव्हे, तर तक्रारी पोचल्यावर वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारने. ज्या परगण्याची ओरड तिथवर पोचत नव्हती, तिथल्या माणसाने दाद कुठे मागायची होती, एवढे आपण सांगावे.