मदत हवी आहे : हवेनं वजन वाढतं का? प्युरिफायर घेऊ की गाव सोडू?

राखाडी_२४ : दुर्गापूरला राहतो, चंद्रपूर. गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी राख झटकूनच आत घ्यावे लागतात. तीन वर्षांत १९ किलो वाढलो. खाणं तेच आहे, त्यावर प्रश्न नको. प्रदूषणानं वजन वाढतं असं वाचलं. प्युरिफायर कोणता घेऊ? ऑफर उद्या संपते.

वऱ्हाडी_ठसका : 'तेच' म्हणजे काय भाऊ? रोज सावजी असेल तर तेही तेचच.

निवांत_मावशी : सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घे बाळा. माझी जाऊ निम्मी झाली.

शंकासुर : उंची? वजन? काम कसलं?

राखाडी_२४ : ५ फूट ७, ८७ किलो. ऑफिसात बसून काम. प्युरिफायरचं सांगा ना कोणी.

शंकासुर : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३०. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठ धरतात. आणि बसून काम हे आत्ता सांगताय?

फ्रीवेकाठी : हवेचा संबंध थट्टेवारी नेऊ नका. मी लॉस एंजेलिसला असते. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांची वर्षानुवर्षं मापं घेतलीत. तान्हेपणी रस्त्याचा धूर जास्त मिळालेल्यांचा बीएमआय दहाव्या वर्षी ०.९ च्या आसपास जास्त निघाला. २०१६ साली बीजिंगची न गाळलेली हवा देऊन ठेवलेले उंदीरही जाड झाले होते.

शंकासुर : ०.९ म्हणजे या उंचीला अडीचेक किलो. बाकीचे साडेसोळा कुठून आले?

फ्रीवेकाठी : लहान मुलांचा आकडा चोवीस वर्षांच्या माणसाला लावताय!

शंकासुर : आणलात तुम्हीच.

कोळसेवाला : २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. पीएम २.५, म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, तिची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, आपली ४०. इथे राहून दाखवा, मग गणितं मांडा.

वऱ्हाडी_ठसका : मग माहुल-गोवंडीत सगळेच ढेरपोटे पाहिजे होते.

निवांत_मावशी : झोपायच्या खोलीत स्नेक प्लांट ठेव. एन ९५ मास्क धुवायचा नसतो, बरं का.

कंपाउंडर_नाना : चालणं होतं का? दम लागतो?

राखाडी_२४ : चालायचो. दम लागतो म्हणून सोडलं. त्यावर डॉक्टर पुडीतून पांढरी गोळी देतात. घेतली की दोन दिवसांत मोकळं वाटतं, पण भूक जाम लागते. त्याचा इथे काय संबंध?

कंपाउंडर_नाना : किती दिवस घेताय?

राखाडी_२४ : दोन वर्षं. हिवाळ्यात रोज. आई म्हणते गाल भरलेत.

वऱ्हाडी_ठसका : खाणं तेच होतं ना?

राखाडी_२४ : पदार्थ तेच. पोळ्या चारच्या सात झाल्यात.

कंपाउंडर_नाना : हवेनं दम, दमावर गोळी, गोळीनं भूक. मला स्टेरॉइडचा संशय येतोय. पुडीवर नाव नसतं, म्हणून विचारून या. पण मनानं बंद करू नका. इतके दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुंकायची तपासणी करा, स्पायरोमेट्री म्हणतात. दमाच निघाला तर इनहेलर देतील. त्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, तेही थेट छातीत.

निवांत_मावशी : इनहेलरची सवय लागते म्हणे.

कंपाउंडर_नाना : मावशी, पुडीची लागलीच आहे की.

राखाडी_२४ : नाव विचारलं तर डॉक्टर चिडतील का? आणि प्युरिफायर कार्टमध्येच आहे, काढू का?