धायटीच्या फुलांचा ‘अर्क’ म्हणावं का?

शिरपूरहून: राम राम मंडळी. मी औषधनिर्माणशास्त्र शिकते. धायटी या रानझुडपाच्या वाळलेल्या फुलांवर आमचा प्रकल्प चालू आहे. सातपुड्यातल्या ज्या पाड्यावरून फुलं आणली, तिथल्या लोकांना मराठीत पत्रक द्यायचं आहे. फुलांची भरड मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवून गाळली आणि मिथेनॉल उडवून टाकलं, की खाली तपकिरी, चिकट असं काही उरतं. त्याला ‘अर्क’ म्हणू का? आणि बायोॲक्टिव्ह म्हणजे ‘गुणकारी’ चालेल?

जळगावहून: अर्क सगळीकडे छापतात. बिनधास्त लिहा.

अमळनेरहून: ताई, थांबा. मी वैद्यकी करतो. आमच्याकडे अर्क म्हणजे वाफेवर उतरवलेला, जसा ओव्याचा. वाफेबरोबर जे उडतं तेवढंच त्यात येतं. धायटीचं बळ तिच्या टॅनिनमध्ये, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यात, आणि टॅनिन वाफेबरोबर येत नाही, भांड्यातच राहतं. म्हणजे खरोखरचा अर्क काढलात तर जे हवं तेच हुकलं! पाण्यात उतरवणार असाल तर शब्द तयार आहेत. रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळला तो हिम, उकळतं पाणी ओतून झाकून ठेवला तो फांट, आटवला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. तिन्हींत सारखं उतरत नाही, म्हणून नाव नेमकं हवं. तुमच्या चिकट भागाला ‘मिथेनॉलमध्ये उतरलेला भाग’ असं सरळ म्हणा. मिथेनॉल विष आहे. ‘अर्क’ वाचून कुणी घरी करून प्यायला गेलं तर?

धुळ्याहून: सरांशी सहमत. माझा विरोध ‘गुणकारी’ला आहे. औषधाचा गुण येतो तो रोग्याला, काचेच्या नळीला नाही. मी प्रयोगशाळेत काम करते. डीपीपीएच नावाचं एक रसायन ऑक्सिडीकरण रोखायची ताकद तपासायला वापरतात; त्याच्या जांभळ्या द्रावणात असा नमुना टाकला की रंग उतरत उतरत फिकट पिवळा होतो, आणि 517 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण किती घटलं ते यंत्रावर मोजतात. जिवाणू पसरलेल्या बशीत नमुन्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. दोन्ही चाचण्या खऱ्या, दोन्ही महत्त्वाच्या. पण पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती पोचतं, हे त्या सांगतच नाहीत. ‘जैवक्रियाशील’ जड वाटला तरी तो एवढंच म्हणतो, की सजीवावर काहीतरी परिणाम दिसला. आणि कृपा करून ‘प्रतिजैविक’ लिहू नका, ‘जिवाणूरोधक’ लिहा. प्रतिजैविक म्हटलं की लोकांना डॉक्टरांची गोळी आठवते, आणि ती अर्ध्यावर सोडून कुणी फुलं उकळत बसायला नको.

नंदुरबारहून: पाड्यावर जैवक्रियाशील कोण समजून घेणार? तिथे पावरी, भिली बोलतात, इकडे खाली अहिराणी. ‘उकायेल पानी’ म्हटलं की सगळं कळतं. शब्द शोधू नका, वाक्य लिहा.

शिरपूरहून: मग मसुदा असा: ‘धायटीच्या सुकवलेल्या फुलांतून मिथेनॉलमध्ये उतरलेल्या भागाने बशीतल्या जिवाणूंची वाढ रोखली. हे माणसांवर तपासलेलं नाही. हा भाग पिऊ नये.’ टॅनिनला ‘कषाय द्रव्य’ म्हणू का?

अमळनेरहून: नको. कषाय म्हणजे तुरट चवही आणि काढाही, पुन्हा घोटाळा होईल. ‘तुरट द्रव्य’ म्हणा, फूल चघळलेल्या कुणालाही कळेल. आणि ‘सुकवलेल्या’च्या आधी ‘सावलीत’ घाला.