मदत हवी आहे: सार्वभौमत्वापुढची आव्हानं, सोलापूरचं उदाहरण पाहिजे (सोमवारच्या आत)

बाळीवेस_2
राज्याचं सार्वभौमत्व आणि त्याच्यापुढची आजची आव्हानं यावर बोलायचंय. बोदाँ, ऑस्टिन हे सार्वभौमत्वाचे विचारवंत, 1648 चा वेस्टफालिया करार हे सगळं झालंय, ते कृपया परत सांगू नका. अडलंय आव्हानांच्या भागात. लिहिलेलं सरांनी परत दिलं आणि एक तरी उदाहरण आपल्या भागातलं घे म्हणाले. सोलापुरात सार्वभौमत्वाचं उदाहरण कुठून आणू? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा. वेळ अजिबात नाहीये.

कोर्टगल्ली
कशासाठी बोलायचंय? वक्तृत्व स्पर्धा, मुलाखत की वर्गातलं सादरीकरण? किती मिनिटं? आणि मुळात तू लिहिलं काय होतंस? ते न सांगता आम्ही काय सुचवणार?

अभ्यासिका_रात्रपाळी
मुख्य परीक्षेसाठी असेल तर राज्यघटनेतलं कलम 51 आणि कलम 253 तोंडपाठ पाहिजे. करार सरकार करतं, पण त्याच्या अंमलबजावणीचा कायदा संसद करते, हा मुद्दा दरवेळी कामाला येतो. भारताने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीवर सही केलेली नाही, हेही टाक. टिपणं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

बाळीवेस_2
स्पर्धा परीक्षा नाही हो. एम.ए.चा सेमिनार आहे, राज्यशास्त्र. वीस मिनिटं. कलमं नकोत, उदाहरण हवंय.

निवृत्त_मास्तर
बाळ, सोलापुरात राहून हा प्रश्न पडावा याचं मला वाईट वाटलं. चार हुतात्मा चौकातून रोज जात असशील. 6 एप्रिल 1930 ला आपल्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लागला, देश पारतंत्र्यात असताना. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. 8 मे ला गोळीबार झाला. त्यानंतर 9, 10 आणि 11 मे असे तीन दिवस इंग्रजांची सत्ता शहरात उरली नव्हती, कारभार स्वयंसेवकांच्या हातात होता. 12 मे ला मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरलं. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं पाहिजे तुला?

नळदुर्ग_रोड
मास्तर, आदर आहे, पण हे स्वातंत्र्यलढ्याचं उदाहरण झालं. सार्वभौमत्वाचं नाही. सत्ता तीन दिवस हातात होती, पण त्या तीन दिवसांत सोलापूर हे वेगळं राज्य आहे असं कुणी म्हटलं नाही, कुणी मान्यता दिली नाही.
खरं उदाहरण आपल्या दारातलं आहे, हैदराबाद. निजामाचं स्वतःचं सैन्य, स्वतःचं हाली शिक्का नावाचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांनी सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली की आम्ही स्वतंत्र राज्य आहोत आणि भारत आम्हाला धमकावतोय. परिषदेत 16 सप्टेंबरला विषय निघाला तेव्हा आपलं सैन्य तीन दिवस आधीच आत गेलेलं होतं. निघालं कुठून? सोलापुरातून. मेजर जनरल चौधरींच्या तुकड्या 13 तारखेला पहिल्याच दिवशी नळदुर्गात पोचल्या. 17 ला निजामाने हात टेकले. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने सीमा ओलांडून आलेली माणसं आमच्या आजोबांच्या वाड्यात महिनोन्महिने होती, ओसरीवर चुली मांडून. त्यांना विचारलं असतं तर सार्वभौमत्व म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं असतं: रात्री दार कुणी ठोठावलं तर आपल्या बाजूने कोण उभं राहणार, ते.

निवृत्त_मास्तर
मान्यतेचं काय घेऊन बसलात? 1933 चा माँटेव्हिडिओ करार वाचा. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, या चार गोष्टी असल्या की राज्य. राज्याचं अस्तित्व मान्यतेवर अवलंबून नाही, असं त्याच करारात स्पष्ट लिहिलंय.

नळदुर्ग_रोड
मग चौथी अट सोलापूरला लागू होते का तुम्हीच सांगा.

कोर्टगल्ली
ती निजामालाही लागू होत नव्हती. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या अधिसत्तेखाली. वऱ्हाड परत मागताना निजामाने बरोबरीचा सूर लावला, तेव्हा मार्च 1926 मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला लेखी कळवलं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वोच्च आहे. आणि इंग्रज गेल्यावर नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारात निजामाने परराष्ट्र आणि संरक्षण एका वर्षासाठी भारताकडे ठेवलं. शिक्का आणि टपाल असलं म्हणून कुणी सार्वभौम होत नाही.
पण हे सगळं भूतकाळातलं चाललंय. धागाकर्त्याने अजून सांगितलेलं नाही की सरांनी परत का दिलं. पोरा, कागदावर काही शेरा आहे का?

बाळीवेस_2
सरांचा शेरा आहे ना, पण त्याचा अर्थ कळंना म्हणून तर इथं आलोय. मी लिहिलं होतं की जागतिक व्यापार संघटना, नाणेनिधी, संयुक्त राष्ट्रं यांच्यामुळे राज्यांचं सार्वभौमत्व संपुष्टात आलंय, भारताला आता स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत. त्याच्यापुढे समासात लाल पेनाने एवढंच: "मग सही कोणी केली?"

कोर्टगल्ली
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर मास्तरांचा आणि नळदुर्गवाल्यांचा वाद वाचला असता. तुझे सर चांगले आहेत.
1923 चा विम्बल्डन खटला बघ. ते जहाजाचं नाव. पोलंडसाठी दारूगोळा घेऊन चाललेलं हे जहाज जर्मनीने कील कालव्यातून जाऊ दिलं नाही. जर्मनीचं म्हणणं, आम्ही तटस्थ सार्वभौम राज्य आहोत. पण कालवा सगळ्यांना खुला ठेवू अशी सही त्यांनी व्हर्सायच्या तहात केलेली. हेगच्या न्यायालयाने सांगितलं की करार करून स्वतःवर बंधन घालून घेता येणं हाच सार्वभौमत्वाचा एक अधिकार आहे, त्याने सार्वभौमत्व सोडलं असं होत नाही. तुझ्या सरांचा प्रश्न नेमका हाच. आणि केलेल्या सहीतून बाहेरही पडता येतं. ब्रिटनने 2016 ला मतदान घेतलं आणि 2020 च्या जानेवारीत युरोपीय संघ सोडला.

माढा_ऊसवाला
वकीलसाहेब, कागदावर सगळं बरोबर. पण आमच्याकडे येऊन बघा. आपल्या जिल्ह्यात पावलोपावली कारखाने, त्यामुळे हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, आमचं सरकार ठरवतं. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने त्याच्यावर जागतिक व्यापार संघटनेत केस केली. आपल्या सरकारने सांगितलं की एफआरपी कारखाना देतो, सरकार देत नाही, मग अनुदान कसलं? 2021 च्या डिसेंबरात पॅनेलने निकाल आपल्याविरुद्ध दिला. माझ्या उसाला किती भाव मिळावा हे व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात ठरणार असेल तर ते आव्हान नाही म्हणता?

कोर्टगल्ली
आव्हान आहेच, मी नाही कधी म्हटलं? पण पुढचं सांगा ना. 2022 च्या जानेवारीत भारताने अपील केलं, आणि ते अपील ऐकायला माणसंच नाहीत. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद आहे. तो निकाल लागू झालेला नाही, एफआरपी चालूच आहे. म्हणजे बलाढ्य राज्य संस्था बंद पाडू शकतं आणि त्याचा फायदा आपल्यालाही होतो. पोरा, हे उदाहरण घे, थेट आपल्या जिल्ह्यातलं आहे.

माढा_ऊसवाला
फायदा वगैरे काही नाही. बिलं वेळेवर निघत नाहीत ते वेगळंच. मागच्या हंगामाचा शेवटचा हप्ता...

अक्कलकोट_नाका
सगळे जिनिव्हापर्यंत गेले, पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर कुणी बोलंना. महाजन आयोगाने 1967 मध्ये अक्कलकोट कर्नाटकाला द्यायला सांगितलं होतं. उद्या हे झालं तर महाराष्ट्राच्या सार्वभौमत्वाचं काय?

कोर्टगल्ली
महाराष्ट्र सार्वभौम नाही. घटक राज्याची सीमा कलम 3 प्रमाणे संसद साध्या कायद्याने बदलू शकते. देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर मात्र घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला भाग पाकिस्तानला देण्याच्या) सर्वोच्च न्यायालयात 1960 मध्येच ठरलंय. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

हिंजवडीतला_सोलापूरकर
करार, सही, न्यायालय यातच अडकलात सगळे. सही न केलेलं आव्हान बघा. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, कारण त्यात रशियाच्या रोसनेफ्टचा 49 टक्के हिस्सा. तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला. भारताने ते निर्बंध मान्य केलेले नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीचे ईमेल आणि बाकी सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत चालू झाल्या. कारखाना आपल्या भूमीवर, कायदा आपला, आणि बटण दुसऱ्याच्या हातात. मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो, या आव्हानाला उत्तर करार वाचून मिळणार नाही. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची सक्ती केली, ती या दिशेची होती.

निवृत्त_मास्तर
हे मला पटलं. 1930 मध्ये पोलीस ठाणी कुणाच्या ताब्यात हा प्रश्न होता. आता सर्व्हर कुणाच्या ताब्यात हा आहे.

बाळीवेस_2
सगळ्यांचे आभार. असं करतोय: "संपुष्टात आलं" हे वाक्य काढतो. सुरुवात उसाच्या केसने, मग विम्बल्डन, मग नायरा, की सही करून घेतलेलं बंधन आणि कुणी न विचारता लादलेलं बंधन यात फरक आहे. निजामाचं चौथ्या अटीसाठी दोन मिनिटं. मास्तर, 1930 मी सोडत नाहीये, पण ते कुठं बसवू ते अजून कळंना. आणि ऊसवाले काका, एफआरपी सरकार देत नाही हा आपला मुद्दा पॅनेलने कोणत्या कारणाने फेटाळला, ते कुणाला माहीत आहे का? सर तेच विचारणार.

कोर्टगल्ली
व्यापार संघटनेच्या कृषी कराराप्रमाणे किंमत सरकारने कायद्याने ठरवली की ती शेतमालाच्या भावाला दिलेला सरकारी आधार धरली जाते, पैसे कुणाच्या खिशातून गेले हे पॅनेलने महत्त्वाचं मानलं नाही. आणि आधाराची मर्यादा उत्पादनाच्या मूल्याच्या 10 टक्के, ती भारताने ओलांडली असं त्यांचं म्हणणं. 1930 आव्हानांत बसवू नकोस. सार्वभौमत्व शेवटी लोकांचं, हा भाग जिथे येईल तिथे ठेव.